गच्चीवरच्या टाकीवर परड्याचं ठिबक: आधी उंची मोजा, मग सामान आणा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात तळमजल्याचं घर, गच्चीवर १,००० लिटरची टाकी, ती बोअरच्या पाण्यानं भरते. मागे ३० बाय २० फुटांचं परडं. त्यात १ नारळ, ३ केळी, चार-पाच वर्षांचं १ लिंबू, ४ मोगरे, अबोलीचा एक वाफा आणि वांगी-मिरचीचे दोन वाफे. शिवाय गच्चीवर २० कुंड्या. ठिबकचा तयार संच मागवून जोडला, पण पहिल्या तीन-चार झाडांना थेंब पडतात आणि पुढे नळी कोरडी. टायमर तर उघडतच नाही. काय चुकलं?

चुकलं ते दाबाचं गणित. ठिबकचं बहुतेक सामान पंपाचा दाब धरून बनवलेलं असतं. ड्रिपरवर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीवर, ४ लिटर लिहिलेलं असतं ते तासाला ४ लिटर, आणि तेही १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला. १ किलो दाब हवा तर पाणी साधारण १० मीटर उंचीवर उभं पाहिजे. तळमजल्याच्या घराची स्लॅब जमिनीपासून ३.२ मीटर आणि टाकीचा कट्टा ०.८ मीटर धरला तर टाकीचा तळ ४ मीटरवर येतो, म्हणजे दाब ०.४ किलो. टाकी भरलेली असताना तो थोडा वाढतो, पण हिशेब नेहमी टाकी तळाला आलेली धरून करावा. गाळणी, वळणं, व्हॉल्व्ह यांत थोडा खर्च होऊन झाडापाशी ०.३ किलो पोचतो असं धरा.

साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. त्यामुळे ०.३ किलोला ४ लिटरवाला ड्रिपर तासाला २.२ लिटर देतो आणि ८ लिटरवाला ४.४ लिटर. हे काही वाईट नाही, फक्त वेळ वाढवावा लागतो. अडचण येते ती 'पीसी' म्हणजे दाब सांभाळणाऱ्या ड्रिपरची. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो आणि बहुतेक पीसी ड्रिपरना निदान अर्धा किलो दाब लागतो. त्याखाली कुठला वाहतो, कुठला बंदच राहतो. दुकानदार 'भारीतला' म्हणून तोच हातात ठेवतो. पंपावर तो खरोखरच भारी आहे. टाकीवर मात्र साधाच ड्रिपर घ्या.

दुसरी चूक नळीची. तयार संचांत बहुधा ४ मिलिमीटर पोटाची बारीक नळी मुख्य नळी म्हणून दिलेली असते. एवढ्या बारीक नळीतून दहा-पंधरा मीटर पाणी नेताना होता तो दाबही घर्षणात संपतो. पहिल्या झाडांना पाणी आणि शेवटच्यांना काहीच नाही, याचं कारण तेच. बारीक नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी वापरावी.

तिसरी टायमरची. आतला झडप-पडदा पाण्याच्याच दाबावर उघडणारा सोलेनॉइड टायमर टाकीवर चालत नाही. दुकानात 'झिरो प्रेशर' किंवा 'बॉल व्हॉल्व्हवाला' टायमर मागा. त्यात छोटी मोटर चेंडू फिरवून वाट उघडते, दाब असो वा नसो.

आता किती पाणी लागतं ते ठरवू, कारण ड्रिपरची संख्या त्यावरूनच निघते. एप्रिल-मेच्या उन्हात वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर धरा. १० बाय ३ फुटांचा वाफा म्हणजे सुमारे २.८ चौरस मीटर, म्हणून १४ लिटर. वांगी-मिरचीचे दोन मिळून २८. अबोलीचा १० बाय २ फुटांचा वाफा ९ लिटर. मोठ्या नारळाला ४५, केळीला प्रत्येकी १५, लिंबाला २० आणि मोगऱ्याला दीड ते दोन लिटर. १२ इंची कुंडीला सव्वा लिटर पुरतं. सगळं मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास. आळं करून पाइपनं पाणी सोडलं तर एकटा नारळच यातलं बरंचसं पिऊन टाकतो, आणि पाणी मुळांच्या खाली निघून जातं ते वेगळंच.

नारळाला ४५ लिटर आणि वाफ्याला १४ लिटर एकाच नळावर एकाच वेळात देता येत नाही. म्हणून दोन भाग करा, दोघांना वेगळे व्हॉल्व्ह. हे टाळून एकाच नळीवर सगळं लावलं की एक तर वांगी पिवळी पडतात नाही तर नारळ तहानलेला राहतो.

झाडांच्या भागात नारळाला ८ लिटरचे ६ ड्रिपर, प्रत्येक केळीला ८ लिटरचे २, लिंबाला ८ लिटरचे ३. आपल्या ०.३ किलो दाबाला हे १०० मिनिटं चालवले की नारळाला ४४, केळीला साधारण १५ आणि लिंबाला २२ लिटर मिळतात. वाफ्यांच्या भागात प्रत्येक वाफ्यावर ३ मीटरच्या दोन इनलाइन नळ्या टाका, १६ मिलिमीटरच्या, दर ३० सेंटिमीटरला आतून बसवलेला ४ लिटरचा ड्रिपर असलेल्या. एका वाफ्यात २० ड्रिपर होतात आणि २० मिनिटांत १४-१५ लिटर पडतात. अबोलीच्या अरुंद वाफ्यावरही दोनच नळ्या टाका, पण ३० ऐवजी ४० सेंटिमीटर अंतराच्या. मोगऱ्याला ४ लिटरचे दोन-दोन ड्रिपर म्हणजे त्याच २० मिनिटांत दीड लिटर.

सामान आणायला निपाणी-चिकोडीकडे ऊसवाल्यांना ठिबक विकणारी दुकानं आहेत, बेळगावातही आहेत. तिथं नळी मीटरवर सुटी मिळते आणि सगळे जोड एकमेकांना बसतात. दुकानदार मराठी बोलो की कन्नड, लॅटरल (झाडांपर्यंत जाणारी नळी), ड्रिपर, जॉइनर हेच शब्द चालतात. या परड्याला लागेल ते असं: १६ मिलिमीटरची साधी लॅटरल ३० मीटर, ३० सेंटिमीटरची इनलाइन १३ मीटर आणि ४० सेंटिमीटरची ७ मीटर, ८ लिटरचे बटण ड्रिपर (नळीला भोक पाडून बाहेरून बसवायचे) १५ आणि ४ लिटरचे ८ (दोन्हींत पाच-पाच जादा घ्या), १६ मिलिमीटरचे टी १०, एल्बो ६, सरळ जॉइनर ६, टोकाला लावायच्या एंड कॅप १०, चुकलेलं भोक बुजवायचे प्लग १०, भोक पाडायचा एक पंच, जमिनीत रोवायचे आकडे ३०, एक इंची बॉल व्हॉल्व्ह ३, एक इंची जाळीची किंवा चकत्यांची गाळणी १२० मेशची, आणि टाकीपासून खाली येईल इतका एक इंची पीव्हीसी पाइप. लॅटरलवर आयएसआय खूण आणि आयएस १२७८६ असं छापलेलं बघा. इनलाइनवर आयएस १३४८८. बिनखुणेची नळी दोन उन्हाळ्यांत तडकते.

गाळणीवर पैसे वाचवू नका. ड्रिपरची वाट सुईच्या टोकाएवढी असते. गाळणी नसेल तर बाकीचं सगळं सामान वाया.

जोडणी

टाकीला स्वतंत्र एक इंची तोंड काढा. न्हाणीघराच्या अर्ध्या इंची लाइनमधून टी काढून ठिबक जोडलं की घरात कुणी नळ सोडताच परड्यातला दाब पडतो. हे तोंड तळापासून तीन-चार इंच वर हवं, म्हणजे तळाचा गाळ पाइपात येत नाही. तोंडाला लागूनच गच्चीवर एक बॉल व्हॉल्व्ह. गच्चीवरून उतरणारा पांढरा पीव्हीसी पाइप उन्हानं ठिसूळ होतो, त्याला रंगाचा हात द्या.

गाळणी खाली, कमरेएवढ्या उंचीवर बसवा. वर गच्चीवर बसवली तर धुवायला कुणी चढत नाही. तिच्या अंगावरचा बाण पाणी जाण्याच्या दिशेनं असतो, तो उलटा बसला तर कचरा जाळीच्या चुकीच्या बाजूला साठतो. दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटणारे जोड) लावल्या की पुढंमागं काढणं सोपं जातं. गाळणीच्या पुढे टी, आणि टीच्या दोन्ही फाट्यांवर एकेक व्हॉल्व्ह किंवा टायमर. परड्याला उतार असेल तर व्हॉल्व्हच्या पुढे सगळ्यात उंच जागी अर्ध्या इंचाचा एअर व्हॉल्व्ह बसवा. पाणी बंद झाल्यावर उतारावरची नळी रिकामी होताना आत ओढ तयार होते, आणि एअर व्हॉल्व्ह नसेल तर ड्रिपर त्या ओढीनं बाहेरचा चिखल आत घेतो.

नळी अंथरायच्या आधी तासभर उन्हात टाका, वळण निघतं. जोड बसत नसेल तर टोक दहा-पंधरा सेकंद गरम पाण्यात बुडवून ढकला. तेल किंवा साबण लावू नका. आज सहज बसलेला जोड मे महिन्यात सहज निसटतो. नळी ताणून बांधू नका. उन्हात ती लांबते, रात्री आखडते. नागमोडी, जरा सैल टाका आणि दर मीटरला आकडा रोवा. इनलाइनमधले ड्रिपर वरच्या बाजूला राहू द्या. गाळ नळीच्या तळाशी बसतो, आणि ड्रिपर खाली असला तर तोच गाळ त्याच्या तोंडात जातो.

टोकं बंद करायच्या आधी पाणी सोडून नळ्या धुवा. आधी पीव्हीसीचं टोक, मग लॅटरल, शेवटी इनलाइन. पीव्हीसी कापल्यावर जे पांढरे कीस आत राहतात ते पहिल्याच दिवशी दहा ड्रिपर बुजवायला पुरतात. पाणी पूर्ण नितळ आलं की मगच एंड कॅप.

ड्रिपर कुठे टाकायचे ते झाडागणिक वेगळं. नारळाला बुंध्यापासून मीटरभर अंतरावर नळीचं गोल कडं करून सहा ड्रिपर सारख्या अंतरावर, वर सोडणांचा थर. केळीला दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर. लिंबाला फांद्यांच्या घेराच्या कडेखाली, बुंध्याला कधीच नाही. बुंधा सतत ओला राहिला की डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) येतो, आणि मग ठिबकमुळे लिंबू मेलं असा ठपका बसतो.

माती

बेळगाव शहराचा बराच भाग आणि खानापूरकडे सगळीकडे तांबडी, जांभ्याची माती. तीत पाणी गाजरासारखं सरळ खाली उतरतं, बाजूला पसरत नाही. येळ्ळूर-वडगावच्या भातशिवाराला लागून असलेल्या परड्यांत किंवा बैलहोंगल-अथणीकडच्या काळ्या मातीत तेच पाणी कांद्यासारखं बाजूला फुगतं. वर सांगितलेलं ३० सेंटिमीटरचं अंतर तांबड्या मातीचं आहे. काळ्या मातीत ५० सेंटिमीटर पुरतं. पाण्याची वेळही बदलते. तांबड्या मातीला रोज थोडं-थोडं, काळीला एक दिवसाआड दुप्पट. काळीत रोज दिलं की वाफसा येतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची मान टाकते. ती तहानलेली दिसते म्हणून आणखी पाणी दिलं जातं आणि ती मरते.

हे तपासायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी पाणी दिलं असेल तर सकाळी दोन ड्रिपरच्या मधे खुरप्यानं वीतभर खणा. वीतभर खोलीवरच्या मातीचा लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. वरची दोन बोटं माती कोरडी दिसली तर घाबरू नका, खालची ओल महत्त्वाची. दोन ड्रिपरच्या मधला पट्टा खालीही कोरडाच असेल तर वेळ वाढवून उपयोग नाही, ड्रिपरच जवळ हवेत.

वाफ्यावर पाचट किंवा भाताचं पिंजर तीन-चार बोटं जाड अंथरा. उन्हाळ्यात पाणी त्यानं बरंच वाचतं आणि नळीला ऊनही लागत नाही.

चाचणी

नळीवर किंवा खोक्यावर काय लिहिलंय यावर विसंबू नका, मोजा. प्रत्येक भागातला पहिला आणि शेवटचा ड्रिपर निवडा, त्याखाली वाटी पुरा, ६ मिनिटं पाणी सोडा आणि औषधाच्या मापानं मिलिलिटर मोजा. त्या आकड्याला १०० नं भागलं की तासाचे लिटर निघतात: २२० मिली म्हणजे २.२ लिटर. पहिल्या आणि शेवटच्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर कुठेतरी गळती आहे, नळी मुरगळलीय किंवा गाळणी भरलीय. पहिल्या दिवसाचे आकडे टायमरच्या मागे पेननं लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना करायला तेच उपयोगी पडतात.

गच्चीवरच्या कुंड्या

या परड्याच्या नळीला जोडायच्याच नाहीत. टाकीचा कट्टा ०.८ मीटर आणि कुंडीची उंची ०.४ मीटर, म्हणजे टाकी तळाला आली की दाब उरतो ०.०४ किलो. त्याला ४ लिटरचा ड्रिपर तासाला जेमतेम ०.८ लिटर देतो, आणि टाकी भरलेली असताना त्याच्या जवळजवळ दुप्पट. गाळणीत थोडा कचरा अडकला की तेही बंद. इथं सरळ छोटा पंप लावावा. पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात असतो तो १२ व्होल्टचा डायफ्राम पंप सुटा मिळतो. २० कुंड्यांना प्रत्येकी ४ लिटरचा एक ड्रिपर म्हणजे मिनिटाला १.३ लिटर लागतात, हा पंप त्याहून जास्त देतो. जादा पाणी टी काढून, मधे व्हॉल्व्ह घालून टाकीत परत सोडा, नाहीतर जोड उडतात. पंप असल्यानं इथं पीसी ड्रिपर चालतात, खरं तर इथंच त्यांचं काम आहे. २० मिनिटांत प्रत्येक कुंडीला १.३ लिटर. पंपाच्या आधीही गाळणी हवीच.

काय बिघडतं

बोअरच्या पाण्यानं शॉवरच्या जाळीवर पांढरी खर धरत असेल तर ती ड्रिपरमध्येही धरणार. राकसकोप-हिडकलच्या धरणाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे नळाच्या पाण्याला हा त्रास थोडा. पण प्यायचं पाणी उन्हाळ्यात परड्याला घालू नये. बटण ड्रिपर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात, लिटरला २० ग्रॅम, रात्रभर भिजवा, सकाळी फुंकून बघा आणि परत लावा. इनलाइनमधली खर काढायला शेतकरी नळीतून आम्ल सोडतात, कारण एकरभर नळ्या बदलणं परवडत नाही. तुमची इनलाइन २० मीटर आहे. चार-पाच वर्षांनी तेवढी बदला, घरात तीव्र आम्ल हाताळू नका.

बोअरचं पाणी काढताना नितळ आणि बादलीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस दिसत असेल तर त्यात लोह आहे. त्याचा बुळबुळीत तांबडा साका गाळणीतूनही निसटतो. टाकी भरताना पाणी वरून धारेनं पडू द्या, हवा लागली की लोह खाली बसतं. रात्री टाकी स्थिर राहू द्या आणि ठिबक पहाटे, मोटर सुरू होण्याआधी चालवा. महिन्या-दोन महिन्यांनी तळ धुवा. टाकीचं झाकण घट्ट ठेवा. आत उजेड शिरला की शेवाळ धरतं आणि तेही ड्रिपरमध्येच जातं.

गाळणी उन्हाळ्यात दर आठवड्याला, जुन्या टूथब्रशनं. जाळी उजेडाकडे धरून बघा. एक फाटकी जागा म्हणजे गाळणी नसल्यासारखंच. महिन्यातून एकदा सगळ्या एंड कॅप काढून दोन मिनिटं पाणी वाहू द्या. पहिलं पाणी किती गढूळ येतं ते पाहिलं की हे का करायचं ते कळतं.

जीवामृत, शेणाची रबडी, ताक असलं काहीही ठिबकातून सोडू नका, कितीही गाळलं तरी. विद्राव्य खतंही टाकीवर नकोत: खत ओढणाऱ्या व्हेंचुरीला लागतो तेवढा दाब इथं नाही, आणि घरच्या टाकीत खत मिसळणं धोक्याचं. एवढ्याशा परड्याला खत हातानंच द्यावं, ड्रिपरखालच्या ओल्या जागी.

खारी तहानेनं नळी कुरतडतात. परड्याच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं पसरट भांडं ठेवलं की हे पुष्कळ कमी होतं. कुरतडलेला भाग कापून जॉइनर घाला, चिकटपट्टीनं भागत नाही.

थंडीत वेळ निम्म्याहून थोडी जास्त ठेवा, फेब्रुवारीपासून वाढवत न्या. वळीव झाला की दुसऱ्या दिवशी टायमर बंद. जूनमध्ये पाऊस लागला की इनलाइन गुंडाळून सावलीत ठेवा, टोकं बंद करूनच, नाहीतर मुंग्या आत घर करतात. टायमरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर चार महिन्यांत गळून आतली पत्री खातात. अथणी-रायबागकडे पावसाळ्यातही खंड पडतात, तिथं हे सगळं जागेवरच राहू द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं चालवत राहा.